थोरली, धाकटी आणि कमलताई

आमच्या सोनपेठच्या वाचनालयात कमलताईंना 'छान' हा शब्द चालत नसे. पुस्तक वापस करताना कोणी छान होतं म्हणालं की त्या चष्म्यावरून बघायच्या आणि विचारायच्या, काय छान होतं, कागद का छपाई? माणूस गोंधळला की त्या पुढच्याकडे वळायच्या. सव्वीस वर्षं त्या ग्रंथपाल होत्या. त्यांच्या धाकानं निम्म्या गावानं वाचन सोडलं आणि निम्म्या गावानं त्यांच्याच धाकानं चालू ठेवलं, असं लोक म्हणतात. म्हणणाऱ्यांत दोन्हीकडचे आहेत.

उंच, हाडकुळ्या, रंग उडालेली सुती साडी. तारखेचा शिक्का त्या असा मारायच्या की टेबलावरचा तांब्या हलायचा. त्यांचं लग्न जिंतूरकडे झालं होतं आणि वर्षाच्या आत एक ट्रंक घेऊन त्या भावाकडे वापस आल्या होत्या. का आल्या हे त्यांनी कोणाला सांगितलं नाही, त्यामुळे गावाला सगळं माहीत होतं.

मी तिथं झाडायला लागले. मग पाणी भरायला, मग फाटकी पुस्तकं बांधायला. मग पिशवीचं काम आलं. आमच्याकडे लेकीसुना वाचनालयात येऊन पुस्तक निवडत नाहीत. तिथं पेपर वाचणारी माणसं बसलेली असतात आणि त्यांना पेपरापेक्षा येणारी-जाणारी जास्त वाचायची असते. म्हणून मंगळवारी आणि शुक्रवारी मी भाजीच्या पिशवीत पुस्तकं घालून घरोघर जायची. खाली पुस्तकं, वर मेथीची जुडी. मेथी कशाला, असं मी पहिल्या दिवशी विचारलं होतं.

"सासवांसाठी," कमलताई म्हणाल्या. "त्यांना वाटू दे, सुनंला मेथी लय आवडते."

ही मेथी पिशवीतच फिरून सुकायची. संध्याकाळी ती मला घरी न्यायला मिळायची. माझ्या घरी मेथी कोणालाच आवडत नाही.

कमलताईंचा एक कायदा होता. टेबलाच्या कोपऱ्यावर अभिप्रायाची वही असायची आणि वाचलेल्या पुस्तकाबद्दल तिच्यात दोन ओळी लिहिल्याशिवाय दुसरं पुस्तक मिळायचं नाही. पिशवीतल्या बायका चिठ्ठीवर लिहून द्यायच्या, ती मी वहीत चिकटवायची. लोकांनी विचार करावा म्हणून हा कायदा केला होता. लोकांनी विचार केला आणि सगळ्यांना चालेल असं एक वाक्य शोधून काढलं: 'कथानक उत्कंठावर्धक असून पात्रे जिवंत वाटतात.' वहीच्या वह्या या एका वाक्यानं भरल्या.

या वाक्याचे खरे मालक रंगनाथराव. तहसीलमधून हेडक्लार्क म्हणून रिटायर झालेले, रोज एक पुस्तक नेणारे, रोज एक वापस आणणारे. गावात त्यांना मोठे वाचक म्हणत. एकदा कमलताईंनी माझ्याकडून एका जुन्या कादंबरीच्या पुठ्ठ्यात एसटीचं वेळापत्रक शिवून घेतलं आणि ते रंगनाथरावांना दिलं. दुसऱ्या दिवशी ते वापस आलं. वहीत लिहिलं होतं, कथानक उत्कंठावर्धक असून पात्रे जिवंत वाटतात. कमलताईंनी त्याखाली लाल पेननं लिहिलं: 'परळी गाडी वेळेवर येते असे लिहिले आहे, म्हणून ही कादंबरीच.' ती वही महिनाभर गावानं येऊन येऊन वाचली. तेवढी वाचकसंख्या वाचनालयानं आधी पाहिली नव्हती. रंगनाथराव हसले, सगळ्यांबरोबर हसले, आणि ती गोष्ट मनात ठेवली.

आता थोरलीचं सांगते. थोरली म्हणजे आमच्या भागातली सगळ्यात लाडकी प्रेमकथा. तिचं खरं नाव लांबलचक आहे, कोणी घेत नाही. हेमांगी नावाची मुलगी नदीच्या घाटावर उभी राहते, शहरातून आलेला श्रीनिवास तिच्याकडे बघतो, गैरसमज होतो, आणि तीनशे पानांनी तो दूर होतो. गावातल्या बायकांनी तिच्यावर रडून रडून तिची पानं फुगवली होती. कमलताईंना एकदा एका नव्या सुनेनं निरोप पाठवून विचारलं होतं, थोरली कशी आहे. त्यांनी माझ्याबरोबर उत्तर पाठवलं, दोघं एकमेकांशी बोलत न्हाईत म्हणून कादंबरी झाली, बोलले असते तर पोस्टकार्डात भागलं असतं.

दोन वर्षांमागं कमलताई परभणीच्या पुस्तक प्रदर्शनातून नवी पुस्तकं घेऊन आल्या, त्यात धाकटी होती. कोणा शहरातल्या लेखकानं थोरली घेऊन तिच्यात भुतं घातली होती. तीच हेमांगी, तोच घाट, तीच वाक्यं. फक्त मामा दिवसा मामा आणि अमावास्येला वेताळ, शेजारची काकू हडळ, आणि हेमांगीच्या पदराआड विळा. चेष्टा नीट जमावी म्हणून पुस्तकाचा आकार, अक्षर, पानांचे आकडेसुद्धा थोरलीसारखेच ठेवले होते. जेवढी भुतं घातली तेवढे उसासे काढले होते, त्यामुळे प्रकरणं त्याच त्या पानावर सुरू व्हायची.

धाकटी आली आणि वहीतलं ते एक वाक्य बंद पडलं. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा लोकांना मत झालं.

हायस्कूलच्या मराठीच्या सरांनी लिहिलं, 'हा मूळ कादंबरीचा निर्घृण खून आहे.' कमलताईंनी खाली विचारलं, 'पुस्तकातल्या सत्तावीस खुनांपैकी कितवा?' बांगड्यांच्या दुकानातल्या बाईंनी चिठ्ठी पाठवली की थोरली वाचताना हेमांगीला एक लगावून द्यावी वाटायची, इथं तीच दुसऱ्यांना लगावते, जिवाला बरं वाटलं. एका सासूबाईंनी सुनेच्या आधी वाचून काढलं आणि लिहिलं, 'हडळ हुबेहूब आमच्या नणंदेसारखी आहे. लेखक आमच्या गावाकडचा आहे काय?' कीर्तन करणाऱ्या महाराजांनी पूर्ण पान लिहिलं. मुंजा पिंपळावर असतो, लेखकानं त्याला लिंबाच्या झाडावर बसवलंय, अशा निष्काळजीपणानं धर्माची हानी होते, बाकी पुस्तक वाचनीय आहे. स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणाऱ्या एकानं 'परीक्षेला उपयोग नाही' असं लिहून खाली सही केली. पाथरीहून दोघीजणी एसटीनं फक्त हे पुस्तक मागायला आल्या.

रंगनाथरावांनी चार पानं विरोधात लिहिली. पुस्तक त्यांनी नेलं नव्हतं. कमलताईंनी त्यांना ते विचारलं तेव्हा ते म्हणाले, विषाची परीक्षा कोणी घेतं का? कमलताई म्हणाल्या की पुस्तकांना तर तुमी कायमच हीच सवलत देत आलात.

कमलताईंचं स्वतःचं मत काय, ते मात्र कोणाला कळेना. मीसुद्धा विचारलं. त्यांनी ऐकू न आल्यासारखं केलं.

मत सगळ्यात मोठं आबासाहेबांचं होतं. आबासाहेब वाचनालयाचे अध्यक्ष. जागा त्यांच्या वडिलांनी दिलेली, त्यामुळे ते जन्मतः अध्यक्ष. थोरली त्यांनी कॉलेजात असताना वाचली होती, निदान प्रस्तावना, आणि मुलीचं नाव हेमांगी ठेवलं होतं. धाकटी म्हणजे आपल्या मुलीच्या हातात कोणी विळा दिला असं त्यांना वाटलं. त्यांची मुलगी पुण्यात नोकरी करते, तिला हे कोणी सांगितलं नसावं.

पण आबासाहेबांच्या रागाला दुसरी एक बाजू होती आणि ती गावात सगळ्यांना ठाऊक होती. त्यांच्या सूनबाई वैशालीवहिनी ग्रंथपालाचा कोर्स पास झाल्या होत्या आणि सर्टिफिकेट दिवाणखान्यात फ्रेम करून लावलं होतं. येणारा-जाणारा ते बघायचा आणि विचारायचा, मग काम कुठं? या प्रश्नाला उत्तर म्हणजे कमलताईंची खुर्ची. आबासाहेब आजवर कारण शोधत होते. आता कारण स्वतः चालत आलं, तेही भुतांसकट.

गंमत अशी की वैशालीवहिनी माझ्या पिशवीतल्या. धाकटी त्यांनी तीनदा नेली होती. तिसऱ्या वेळी चिठ्ठी पाठवली होती, 'मामाला मारतात ते प्रकरण पुन्हा वाचायचे आहे. नाव लिहू नये.' कमलताईंनी ती चिठ्ठी वहीत चिकटवली नाही. आपल्या पर्समध्ये ठेवली. मला वाटलं, वेळ आली की ती बाहेर काढतील.

आबासाहेबांनी ठरवलं की रविवारी वाचक मेळावा घ्यायचा, सगळ्यांची मतं ऐकायची आणि मग निकाल द्यायचा. निकाल काय ते त्यांनी आधीच चार ठिकाणी सांगून ठेवलं होतं: पुस्तक बंद, आणि असलं पुस्तक आणणाऱ्या बाईंना आता आराम.

कमलताईंना आराम नको होता. भावाच्या घरी त्यांना एक खोली होती आणि त्या खोलीत दिवसभर भावजयीचा टीव्ही ऐकू यायचा. दुपारी बारा ते सहा बसायला त्यांना वाचनालयाच्या खुर्चीशिवाय जगात जागा नव्हती. हे त्या कधी बोलल्या नाहीत. पण त्या आठवड्यात त्यांनी पहिल्यांदा मला पिशवीबरोबर तोंडी निरोप दिला. प्रत्येक घरी सांगायचं, रविवारी या. जमलं तर बोला, न जमलं तर निस्तं बसा.

"येतील का हो ताई?" मी विचारलं.

"भांडण हाय म्हणून सांग. मग येतील."

गुरुवारी त्यांनी थोरली आणि धाकटी दोन्ही माझ्याकडे दिल्या. थोरलीची शिवण वयानं गेली होती आणि धाकटीची मागणीनं. दोन्हींचे सोळा-सोळा पानांचे गठ्ठे सुटे झाले होते. मेळाव्यात टेबलावर दोन्ही ठेवायच्या होत्या, आबासाहेबांना थोरलीतून वाचून दाखवायचं होतं. नीट बांधून आण, म्हणाल्या.

बांधणीचाही कमलताईंचा कायदा होता. बांधताना वाचायचं नाही, आकडे बघायचे. एकदा मी एका गोष्टीत गुंतून पाठीची शिवण इतकी वाकडी घातली होती की पुस्तक उघडलं की टेबलावरून उतरायला बघायचं. तेव्हापासून मी पानाच्या खालचा आकडाच बघायची. त्या दिवशी घरी जमिनीवर दोन्ही पुस्तकं पसरली, गठ्ठे लावले, टोचा मारला, शिवलं, खळ लावली, वर दोन पाट ठेवून दाबलं. आकडे सगळे बरोबर होते. एकदा नाही, दोनदा मोजले.

शनिवारी रंगनाथराव येऊन धाकटी मागून घेऊन गेले. आक्षेपार्ह पानं शोधून खुणा करायच्या आहेत म्हणाले. रविवारी सकाळी ते वापस घेऊन आले तेव्हा त्यातून कागदाच्या पंधरा-वीस शेपट्या बाहेर आल्या होत्या.

मेळाव्याला बायका आल्या. कमलताईंना वाटलं होतं त्याहून जास्त आल्या, काहीजणी मेथी विकत घेऊन आल्यासारख्या पिशव्या घेऊन. पाठीमागच्या सतरंज्या भरल्या. पुरुष पुढं खुर्च्यांवर. वैशालीवहिनी सासऱ्यांच्या शेजारी, नव्या साडीत, मान खाली. मी दाराजवळ पाण्याच्या माठापाशी.

आधी कमलताईंनी वही वाचली. स्वतःचं काही बोलल्या नाहीत. एकेक अभिप्राय नाव न घेता वाचत गेल्या, बाजूचा, विरोधातला, जसा लिहिला तसा. नणंदेचा वाचला तेव्हा मागं हसण्याची लाट आली आणि दोघी-तिघींनी आपल्याही नणंदेची माहिती दिली. महाराजांचा मुंजा वाचला तेव्हा पुरुषही हसले. बाजूचे अभिप्राय दुप्पट निघाले. आबासाहेबांनी घड्याळ बघितलं. मला वाटलं, ताई जिंकल्या.

मग रंगनाथराव उठले. भाषेवर बोलले. या राक्षसी पुस्तकानं आपल्या हळुवार भाषेचं काय केलंय ते बघा म्हणाले, आणि धाकटीची एक शेपटी धरून पान उघडलं. पान एकशे एकतीसवर तर कळस आहे म्हणाले, आणि वाचलं: "तिचे मोकळे केस वाऱ्यावर पसरले होते आणि तिच्या डोळ्यांत एक अनोळखी तहान होती." त्यांनी पुस्तक मिटलं. तहान म्हणजे रक्ताची तहान, त्यांनी समजावलं. चेटकीण उभी केली आहे. मूळ लेखकानं हे वाक्य वाचलं असतं तर त्यानं लेखणी मोडून टाकली असती.

पुढच्या खुर्च्यांवर माना हलल्या. मी कमलताईंकडे बघत होते. त्यांची मान एकदम वर आली. त्यांनी हात लांब करून रंगनाथरावांकडून धाकटी घेतली, ते पान उघडलं, मागचं उलटलं, पुढचं उलटलं. मग पुस्तक मिटून मांडीवर ठेवलं आणि दाराकडे, माझ्याकडे बघितलं. रागानं नाही. एखाद्याच्या तोंडाला काही लागलंय हे सांगावं की नाही असा विचार करताना बघतात, तसं. आणि मग छताकडे बघत बसल्या.

मला काही कळलं नाही. आबासाहेब उठले होते. आता ऐका खरी कादंबरी, असं म्हणून त्यांनी थोरली हातात घेतली, कपाळाला लावली आणि नववं प्रकरण उघडलं. घाटाचं. ते अर्ध्या गावाला पाठ आहे. आबासाहेबांचा आवाज चांगला, दर निवडणुकीत तापवलेला.

"घाटाच्या शेवटच्या पायरीवर हेमांगी उभी होती. संध्याकाळचा वारा तिच्या पदराशी खेळत होता. श्रीनिवास जवळ आला. त्याच्या हातात केवड्याचे कणीस होते. हेमांगीने मान खाली घातली. तिच्या ओठांवर हसू उमटले. तिने पदराआडून विळा काढला आणि श्रीनिवासच्या पाठीशी उभ्या असलेल्या हडळीची मान एका घावात उतरवली."

"वा," रंगनाथराव म्हणाले. "काय भाषा."

आबासाहेब वाचतच होते. डोळे भरून आले होते त्यांचे. मुंडकं पायऱ्यांवरून गडगडत पाण्यात पडलं, श्रीनिवासनं तिला विचारलं की मला आधी का नाही सांगितलंस, इथवर आल्यावर ते थांबले. पानाकडे बघितलं. पुठ्ठ्याकडे बघितलं. परत पानाकडे.

मागं कोणीतरी तोंडात पदर कोंबल्याचा आवाज आला. मग दुसरा. मग कोणी कोंबलाच नाही. चाळीस बायका अशा हसल्या की बाहेर थांबलेल्या जीपवाल्यानं आत डोकावलं. वैशालीवहिनींनी तोंड ओंजळीत घेतलं होतं आणि त्यांचे खांदे हलत होते. सासरे समजले, लाजेनं रडायलीय.

तेव्हा मला कळलं. थोरलीचा एकशे एकोणतीसपासूनचा गठ्ठा धाकटीत आणि धाकटीचा थोरलीत. आकडे बरोबर होते. दोन्हीकडे तेच आकडे होते. रंगनाथरावांनी ज्याला चेटकीण म्हटलं ती आमची खरी हेमांगी होती आणि तिच्या डोळ्यांतली तहान मूळ लेखकानंच लिहिली होती.

आबासाहेबांनी थोरली वर धरली.

"हे कोणी केलं?"

हसणं थांबलं. बांधणी कोण करतं हे वाचनालयाच्या समितीला ठाऊक होतं. चार माणसांनी माठाकडे बघितलंसुद्धा. मला तोंड होतं. मी ते उघडलंही, पण आवाज आला नाही. चाळीस बायका आणि तीसेक पुरुषांपुढं मी आयुष्यात कधी बोलले नव्हते.

"मी केलं," कमलताई म्हणाल्या.

"बांधणी ती मंगल करते ना?"

"तिला मी देते तसं ती शिवती. गठ्ठे मी लावून दिले."

"म्हणजे चुकून?"

त्यांनी चष्मा काढून पुसला. इथं त्यांना फक्त हो म्हणायचं होतं. चुकून म्हटलं असतं तर आबासाहेब मोठेपणानं माफ करणार होते, तसा त्यांचा चेहरा तयार व्हायलाही लागला होता. पण चुकून म्हटल्यावर नक्की कोणाकडून हा पुढचा प्रश्न निघाला असता, मग त्यांनी मला जवळ बोलावून विचारलं असतं, आणि मी खोटं बोलू शकत नाही हे कमलताईंना ठाऊक होतं.

"मुद्दाम," त्या म्हणाल्या. "साहेब, सव्वीस वर्षं मी विचारायले, वाचून बोलता का न वाचता. आज कळलं."

रंगनाथरावांना वेळापत्रक आठवलं. त्यांनी ते तिथंच, सगळ्यांना, पहिल्यापासून सांगितलं. यांना असली खोडच आहे म्हणाले. त्यानंतर कोणाला शंका उरली नाही. वहीतले दुप्पट अभिप्राय कोणी मोजले नाहीत. बायका चहा न घेता घरी गेल्या, संध्याकाळचा स्वयंपाक होता. पंधरा दिवसांत वैशालीवहिनी ग्रंथपाल झाल्या.

शेवटच्या दिवशी कमलताईंनी किल्ल्या मोजून दिल्या, शिक्का पुसून दिला. मग पर्समधून ती चिठ्ठी काढली, नाव लिहू नये म्हणून सांगितलेली, आणि वैशालीवहिनींच्या हातात ठेवली. म्हणाल्या, ही तुमची, वहीत लावायची का न्हाई ते तुमी बघा. वहिनींनी चिठ्ठी वाचली आणि खाली बसल्या. त्यांना कमलताईंच्या पाया पडायचं होतं असं वाटलं, पण तोवर कमलताई पायरीवर चप्पल घालत होत्या.

मी तिसऱ्या दिवशी त्यांच्या भावाच्या घरी गेले. टीव्ही चालू होता. कमलताई खोलीत खाटेवर बसल्या होत्या, हातात काही नव्हतं. त्यांच्या हातात काही नाही असं मी आधी पाहिलं नव्हतं. मी म्हणाले की मी आबासाहेबांना जाऊन सांगते, चूक माझी होती.

"सांग की. मग तुझी पिशवी जाईल आणि मी खोटारडी ठरेन. दोघी घरी बसू. लय छान."

त्यांच्या तोंडून छान मी पहिल्यांदा ऐकलं. मला रडू आलं. त्यांना रडणं आवडत नसे, त्या चिडल्या.

"अगं, चुकलीसच तू. सोळा पानं चुकलीस. आणि धाकटीची पाठीची शिवण बघितलीस का? बैलाच्या शेपटीसारखी गेली. त्याचं काय रडायलीस, त्याचं रड."

मी म्हणाले, तुम्हीच सांगितलं होतं, वाचायचं नाही, आकडे बघायचे. बोलून गेले आणि जीभ चावली. टीव्हीत कोणीतरी कोणाला तरी घराबाहेर काढत होतं.

"ते मी चुकीचं सांगितलं," त्या म्हणाल्या.

कमलताईंनी चूक कबूल केलेली मी तेवढीच एकदा ऐकली. त्यानंतर त्यांनी मला पाणी आणायला सांगितलं, आणि ते कोमट आहे म्हणून नावं ठेवली.

पुढचं थोडक्यात. धाकटीला आबासाहेबांच्या हुकमानं कपाटात कुलूप लागलं. किल्ली वैशालीवहिनींकडे आहे, त्यामुळे ती कपाटात कधीच नसते. शिवण उसवून गठ्ठे अदलाबदल कर, असं वहिनींनी मला सांगितलं, पण वर्गणीदारांना मिसळलेलीच थोरली हवी होती. शेवटी हातोहात फिरून तिची शिवण पुन्हा गेली, तेव्हा थोरलीची नवी प्रत आणली आणि ती मिसळलेली जुनी खराब म्हणून यादीतून काढली. ती मी कमलताईंना नेऊन दिली. पुढच्या मंगळवारी त्यांनी चिठ्ठी दिली, वहीत लावायला. आता त्या वर्गणीदारही नव्हत्या, पण कायदा त्यांचाच होता.

'थोरलीत तीनशे पाने प्रेम आहे. ते खोटे वाटते. धाकटीत तीनशे पाने भुते आहेत. तेही खोटे वाटते. या प्रतीत सोळा पाने भुते आणि बाकी प्रेम आहे. माझा अनुभव याच्या उलट आहे, पण लेखकाने मिसळायला तरी सुरुवात केली.'

लेखक म्हणजे कोण, असं वैशालीवहिनींनी मला विचारलं. मी चिठ्ठीला खळ लावली.

दिवाळीनंतर कमलताई परभणीला भाचीकडे राहायला गेल्या. भाची दवाखान्यात नर्स आहे, दिवसभर घर रिकामं असतं, टीव्ही नाही. जाणार आहेत हे मला त्यांच्या भावजयीनं सांगितलं. मी धावत स्टँडवर गेले तेव्हा परभणीची गाडी लागलेली होती आणि त्या आत बसल्या होत्या, ड्रायव्हरच्या बाजूला तिसऱ्या खिडकीत. मांडीवर ट्रंक ठेवून त्यावर पुस्तक उघडलं होतं. पुठ्ठा मी ओळखला, मीच लावलेला होता.

हाक मारावी म्हणून मी खिडकीखाली गेले आणि मारली नाही. शेजारी एक बाई बसली होती, खेड्यातली, कपाळभर कुंकू, मांडीवर तुरीच्या शेंगांचं गाठोडं. ती तिरक्या मानेनं कमलताईंच्या पुस्तकात वाचत होती. एकेक अक्षर लावत, ओठ हलवत. आता ताई काहीतरी टोचून बोलणार असं मला वाटलं. त्यांनी मान वर केली नाही. पुस्तक थोडं तिच्या बाजूला सरकवलं. कंडक्टरनं घंटी मारली, गाडी हलली. कमलताईंचं पान वाचून झालं होतं, बोट कोपऱ्याखाली गेलं होतं. पण त्या पान उलटत नव्हत्या. त्या बाईचे ओठ अजून अर्ध्या पानावर होते.